ॲडमिशनच्या आधी ग्राऊंड शाळा सुटायच्या टायमाला पाहून या

सध्या ॲडमिशनचा सीझन सुरू आहे आणि आमच्याकडे बस स्टॅण्डपासून तहसीलपर्यंत एक खांब मोकळा नाही, सगळीकडे शाळांचे फ्लेक्स. दोन-तीन वर्षांत त्या फ्लेक्सवर एक फरक पडलाय. आधी नुसते दहावीचे टक्केवाले पोरंपोरी पासपोर्ट फोटोत राहायचे, आता त्यांच्या बाजूला गळ्यात मेडल घातलेली पोरगी, कराटेचा ड्रेस, स्केटिंग, धनुष्यबाण, आणि खाली मोठ्या अक्षरात "खेळाडू घडवणारी शाळा". मला हा बदल आवडला, खरंच आवडला. मी स्वतः खो-खो खेळलेली बाई आहे, आमच्या अनुदानित शाळेकडून तालुक्याला खेळले, जिल्ह्याला खेळले, त्यामुळे खेळावरून शाळेचं नाव घेणं आपल्या भागात परत येतंय म्हटल्यावर बरं वाटणारच. पण फ्लेक्सवर खेळ असणं आणि शाळेत खेळ असणं यात जे अंतर आहे ते पालकांनी फी भरायच्या आधी मोजलं पाहिजे, म्हणून लिहायला बसले. लांब होईल, पण वाचा.

खेळानं शाळेचं नाव होतं हे काही खोटं नाही. 1988 मध्ये शारदाश्रमकडून खेळताना सचिन आणि कांबळीनं हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत 664 रनांची पार्टनरशिप केली, त्यामुळे ज्यानं मुंबई पाहिली नाही त्यालाही ती शाळा नावानं माहीत आहे. 2013 ला पृथ्वी शॉनं त्याच स्पर्धेत 546 मारले आणि रिझवी स्प्रिंगफील्ड हे नाव आमच्या गावच्या पोट्ट्यांच्या तोंडी आलं. अन् इतक्या दूर कशाला, आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, म्हणजे एचव्हीपीएम, घ्या ना. वैद्य बंधूंनी 1914 ला सुरू केलं, 1936 ला बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी यांची टीम तिथे जाऊन कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ जगाला दाखवून आली, पुढे तिथे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज झालं, इंजिनिअरिंगचंसुद्धा झालं. पण एचव्हीपीएम म्हटलं की आजही विदर्भातल्या माणसाच्या डोळ्यासमोर मैदानच येते. रोज सकाळ-संध्याकाळ तिथे माणसं खेळत होती म्हणून हे नाव झालं, फोटो नंतर आले.

आमच्याकडे काय होते सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एखादं पोरगं चांगलं धावते, तालुक्याच्या स्पर्धेत दिसते, की आठवी-नववीला एखादी प्रायव्हेट शाळा त्याला उचलते. फी माफ, बूट फुकट, व्हॅन फुकट. त्या पोराचं भलं होते, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, उलट अशा घरच्या पोराला कोणी हात दिला तर चांगलंच आहे. पण त्याला ज्या गुरुजीनं चौथीपासून पळवलं त्या गुरुजीचं नाव कुठेच येत नाही, आणि मेडल आल्यावर फ्लेक्स लागतो नव्या शाळेचा, "आमचा विद्यार्थी". अशी चार-पाच पोरं आणली की शाळा खेळाची झाली! बाकीची सगळी शाळा कुठे असते? वर्गात. टाइमटेबलमध्ये आठवड्यात दोन पीटीचे पिरियड असतात, त्यातला एक गणिताच्या सरांनी मागून घेतलेला असतो आणि दुसऱ्यात गॅदरिंगच्या डान्सची प्रॅक्टिस.

आमचं कृषी केंद्र आहे. शेतकरी सोयाबीनची बॅग घ्यायला येतो तेव्हा बॅगवरच्या हिरव्यागार चित्राकडे पाहतसुद्धा नाही, पहिला प्रश्न उगवणशक्तीचा, शंभर दाण्यात किती निघतात. शाळेला हाच प्रश्न विचारा ना. शंभर पोरांतली किती पोरं रोज घाम गाळून घरी जातात? मेडलवाली चार पोरं त्या उत्तरात धरायची नाहीत.

आता व्हॅनचा मुद्दा. हा कोणी बोलत नाही आणि माझ्या मते खेड्यातल्या प्रायव्हेट शाळेत खेळ इथेच मरतो. आपल्या कॉन्व्हेंटमध्ये तालुक्याच्या गावची पोरं निम्मीसुद्धा नसतात, बाकी सगळी आजूबाजूच्या खेड्यांतून मॅजिक, व्हॅन, स्कूलबसनं येतात. शाळा चारला सुटते, चार वाजून दहा मिनिटांनी गाड्या निघतात, कारण त्याच गाडीला परत येऊन दुसरा रूट करायचा असतो. मग प्रॅक्टिस कधी? मी मुलाला घ्यायला गेले होते तेव्हा पाहिलं, आठवीतली एक पोरगी, आमच्याच रूटवरच्या खेड्यातली, ग्राऊंडच्या कडेला उभी राहून खो-खोच्या पोरींकडे पाहत होती. सर तिला म्हणत होते थोडं तरी खेळून दाखव. तिनं दप्तर खाली ठेवलं, चप्पल काढली, खांबाला वळसा घेऊन अशी काही पळाली की समोरची पोरगी जागीच राहिली, इतकी तेज, मी इतक्या वर्षांत इतकं नैसर्गिक वळण पाहिलं नाही. तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एक, दोन, मग "ए चाल वं, उशीर होते". पोरगी चप्पल हातात घेऊनच गाडीत बसली. सर माझ्याकडे पाहून म्हणाले, मॅडम, माझी अर्धी टीम अशी रोज गाडीत बसून जाते. टीममध्ये शेवटी कोण राहते? ज्यांचं घर गावात आहे, ज्यांचा बाप गाडीवर घ्यायला येऊ शकतो ते. सोळा-अठरा किलोमीटरवरून येणारं पोरगं कितीही चांगलं असो, त्याचा नंबर लागत नाही. आठवीपासूनच्या पोरींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेची जी निळी बस आहे तिचंही हेच, तीसुद्धा शाळेच्या टायमाला बांधलेली, खेळायला थांबली की बस गेली.

यावर उपाय अवघड नाही. आठवड्यातले तीन दिवस एका गाडीची फेरी सव्वापाचला न्यायची. डिझेलचा खर्च येतो हे कबूल, तो वाटून घेता येतो, आपण गॅदरिंगच्या ड्रेसला एका दिवसासाठी पैसे देतोच की. नाहीतर खेळाचा तास शाळेच्या टायमातच शेवटी घ्या, रोज, आणि तो दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही. सीबीएसईनं 2018 पासून नववी ते बारावीला खेळाचा पिरियड बंधनकारक केलाच आहे, ज्यांच्या बोर्डावर सीबीएसई लिहिलंय त्यांनी निदान तेवढं तरी पाळावं.

दुसरी गोष्ट ग्राऊंडची. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य पाहिजे असं स्पष्ट आहे, त्यामुळे कागदावर मैदान सगळ्यांकडे आहे. पण आपली जमीन काळी. उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की पाय मुरगळलाच समजा, आणि पावसाळ्यात एक चक्कर मारली की पायाला किलोभर चिखल. आता हिशोब लावा, शालेय स्पर्धा तालुक्याला सुरू होतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे तयारीचे महिने जुलै-ऑगस्ट, म्हणजे भर पावसाळा. ज्या शाळेनं मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून, बाजूनं नाली काढून ग्राऊंड केलंय त्यांची पोरं पाऊस उघडला की दोन तासांत मैदानात. ज्यांनी नाही केलं त्यांची पोरं जुलै-ऑगस्ट वर्गात बसून थेट स्पर्धेला जातात आणि पहिल्याच मॅचला हरून घरी येतात, मग म्हणायचं आपल्या पोरांत दमच नाही. आणि दिवाळीनंतर ग्राऊंड वाळून छान झालं की तिथे लग्नाचा मंडप! हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याकडच्या एका शाळेचं मैदान लग्नसराईत भाड्यानं जाते, मंडपाचे खड्डे तसेच राहतात, आणि त्याच शाळेच्या पत्रकावर "भव्य क्रीडांगण" छापलंय. नाव घेत नाही, पण मंडळी, हे बरोबर नाही. पोरांची फी त्या ग्राऊंडच्या नावावर घेतलेली आहे.

मुलींचं वेगळं लिहायला पाहिजे. सहावीपर्यंत पोरी पोरांच्या बरोबरीनं खेळतात, सातवी-आठवी आली की एक एक करून कमी होतात. कारणं सगळ्या आयांना माहीत आहेत. बाथरूम बंद नाहीतर पाणी नाही, कपडे बदलायला जागा नाही, स्पर्धेला बाहेरगावी न्यायला सोबत मॅडम नाही, पाळीच्या दिवसात कोणाला सांगायचं ते कळत नाही. वरून घरचे, "उन्हात काळी पडशीन, मंग कोण करीन तुले". 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, आपल्या मुलींनी जिंकला, कॅप्टन प्रियंका इंगळे, महाराष्ट्राची. मुलांच्या टीमनंही जिंकला. तो दिवस मी दुकानात मोबाईलवर पाहून रडले, लाज नाही वाटत सांगायला. मॅटवर बूट घालून खेळत होत्या पोरी, पण खो तोच, पाठीवर थाप मारायची पद्धत तीच. जी शाळा म्हणते आमच्याकडे खेळाला महत्त्व आहे, तिच्या ग्राऊंडवर नववीच्या मुली किती दिसतात तेवढं पहा, बाकी काही विचारायची गरज नाही पडत.

आता आपल्या पालकांबद्दल. शाळेलाच सगळा दोष देऊन चालत नाही, कारण शाळा तेच विकते जे आपण विकत घेतो. नववीपर्यंत "खेळून काय नोकरी लागते काय" म्हणणारे पालक दहावीच्या सुरुवातीला पीटीच्या सरांकडे येतात, "सर याचं नाव टाका ना कुठल्या तरी टीममध्ये". कारण बोर्डाचे वाढीव गुण, 25 पर्यंत मिळू शकतात. आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे हेही आता सगळ्यांना कळलंय. नियम चांगला आहे, जो चार वर्षं चिखलात पळाला त्याच्यासाठी आहे. पण सर्टिफिकेटसाठी नाव घुसवलं की खरं खेळणारं एक पोरगं टीमच्या बाहेर जाते, आणि ते बहुतेक वेळा ज्याच्या बापाची शाळेत ओळख नाही त्याचंच असते. अंडर-14 ला वय लपवून मोठी पोरं उतरवणं हाही त्यातलाच प्रकार. अशानं ढाल जिंकता येते, पण कबड्डीत आपल्या बारा वर्षांच्या पोराच्या अंगावर सोळा वर्षांचं पोरगं पडते तेव्हा त्या बारकुल्याचं मनगट जाते.

अकरावी-बारावीत तर विषयच संपतो. टायअप कॉलेज, नीट-जेईईचे क्लास, पोरगं कागदावर एका कॉलेजात आणि प्रत्यक्षात लातूर-नांदेडला. अंडर-19 ला तालुक्यातून टीम जमवताना सरांना घरोघर फोन करावे लागतात.

शाळांची अडचणही समजते मला. कापूस विकला गेल्याशिवाय आमच्याकडे फी येत नाही, भाव पडला की दोन-दोन हप्ते राहतात. पीटीचे सर एकच, आणि त्यांच्याकडे गेटची ड्युटी, व्हॅनची ड्युटी, फीच्या पावत्या, गॅदरिंगचा स्टेज, सगळं. बीपीएड करून आलेला माणूस दिवसभर शिट्टी गळ्यात घालून ट्रॅफिक सांभाळतो. संचालकांना माझी विनंती आहे, या एका माणसाला त्याचं काम करू द्या. टर्फ नको, स्केटिंगची रिंग नको. 2025 ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा बुद्धिबळ वर्ल्डकप जिंकला तेव्हापासून पत्रकावर चेससुद्धा आलंय, ते ठेवा, चांगलं आहे. पण मुरमाचं ग्राऊंड, दोन खांब, चुन्याच्या रेषा, पिण्याचं पाणी आणि मोकळा सोडलेला एक सर, एवढ्यात खो-खो, कबड्डी, रनिंग तिन्ही होते.

आपल्या भागात पोरांत दम नाही असं कोणी म्हणू नये. खापरखेड्याचा उमेश यादव, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा, चामड्याचा बॉल त्याच्या हाती आला तो विशीच्या आसपास, आणि 2011 ला विदर्भाचा पहिला टेस्ट खेळाडू झाला. विदर्भानं रणजी तीनदा जिंकली. नागपूरचा ओजस देवतळे 2023 ला बर्लिनमध्ये तिरंदाजीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, त्याच वर्षी एशियन गेम्सला तीन गोल्ड, पण सरावासाठी त्याला साताऱ्याला जाऊन राहावं लागलं. नागपूरच्या पोराला जर घर सोडून जावं लागते तर माझ्या रूटवरच्या त्या आठवीच्या पोरीनं कुठे जायचं? तिचा बाप पाच एकर कोरडवाहू करतो, फी कशीबशी भरतो. तिला तिच्या शाळेनं एक तास जास्त थांबू दिलं तरच तिचं काही होईल.

तर, उद्या-परवा ॲडमिशनसाठी शाळा पाहायला जाणार असाल तर सकाळी अकराला जाऊ नका, तेव्हा ऑफिसात एसी आणि ट्रॉफ्यांचं कपाट दाखवतात. शाळा सुटायच्या टायमाला जा. ट्रॉफीवर साल कोणतं आहे ते वाचा. सरांना विचारा, खेळणाऱ्या पोरांत खेड्यावरची किती.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे वेळ आहे हातात. मुलाच्या शाळेत पहिली पालकसभा होईल तिथे मी सव्वापाचच्या गाडीचा अर्ज लेखी देणार आहे, खर्चाच्या हिशोबासकट. आमच्या रूटवरच्या पालकांनी सही करायला दुकानात यावं, अर्ज काउंटरवरच ठेवलाय, पेरणीची गर्दी सुरू व्हायच्या आधी या. दुसऱ्या रूटवाल्यांनी याच अर्जाचा फोटो काढून आपला करावा, आणि ज्यांच्या शाळेत अशी उशिराची गाडी आधीपासून आहे त्यांनी खर्च कसा बसवला ते खाली नक्की लिहा, मला सभेत दाखवायला लागेल.