‘११५ हॉर्सपॉवरची कसली रेस?’ या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीच्या वाचकमित्रास,

स्पेक मियाटा, म्हणजे सगळ्यांनी एकाच नियमातल्या माझदा मियाटा गाड्या पळवायच्या त्या रेसवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, की ११५ हॉर्सपॉवरच्या जुन्या गाड्यांची कसली रेस. शिवाय हा श्रीमंतांचा नाद बेळगाव-निपाणीच्या पोरांना कशाला लावता?

पहिलं म्हणणं मला अजिबात पटत नाही. माझदा मियाटा ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार १९८९ साली आली. वजन टनाच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना. अमेरिकेतल्या हौशी ड्रायव्हरांच्या क्लब रेसिंगमधल्या स्पेक मियाटा वर्गात २००५ पर्यंतची मॉडेल्स चालतात. १.६ लिटरवाल्याला कमी वजनाची सवलत. नंतरच्या काही १.८ लिटर इंजिनांना हवा कमी मिळावी म्हणून रिस्ट्रिक्टर प्लेट. सस्पेन्शन सगळ्यांना सारखंच, टायर ठरवून दिलेले. पैसा ओतून वेग वाढवायला फारशी जागाच ठेवलेली नाही, आणि गर्दी होते ती त्यामुळेच. उलट ताकद कमी म्हणूनच चूक महागात पडते. वळणावर ब्रेक जरा जास्त दाबला, की गेलेला वेग पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्यात भरून येत नाही. पुढच्या गाडीच्या आडोशाला राहायचं, वारा चुकवायचा आणि नेमक्या वळणावर आत घुसायचं. ५७ किलोच्या कुस्तीला आपण कधी कमी लेखतो का?

खर्चाचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. टायर, पेट्रोल, ट्रॅकची फी, ठोकली तर दुरुस्ती. म्हणून तर असा वर्ग हवा. आपल्याकडे कोइमतूरचे रेसर एस. करिवर्धन यांनी १९८८ मध्ये मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही एका सीटची रेसकार उभी केली. नारायण कार्तिकेयन त्याच वर्गातून पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनला पोचला. आज कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर स्विफ्टच्या इंजिनाची एलजीबी फॉर्म्युला ४ धावते. ती सिंगल सीटर आहे, मियाटासारखी स्पोर्ट्स कार नव्हे. पण सगळ्यांना सारखी गाडी हे तत्त्व तेच.

राहिला आपल्या पोरांचा प्रश्न. रात्री हायवेवर गाड्या पळवणारी पोरं तुम्हीही बघता, मीही बघतो. नाद त्यांना आधीच आहे. त्यांना रोल केज (गाडी उलटली तरी ड्रायव्हरला वाचवणारा लोखंडी सांगाडा), हेल्मेट आणि सुरक्षा बघणारे मार्शल असलेला ट्रॅक माहीत व्हावा, यासाठी मी लिहितो आणि लिहीत राहणार. आणि रेसला नुसता ड्रायव्हर लागत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मशीनशॉपमध्ये मायक्रॉनमध्ये काम करणारे हात आहेत, इंजिनिअरिंगची मुलं आहेत. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी तयार करतात तिथे, त्यांना काम आहे.

पुढच्या लेखात एका सीझनचा खर्च बाबवार मांडतो. हरकत असेल तिथे जरूर लिहा.