पाचारण आले आहे, सोफा मांडा!

आमच्याकडे नुकतीच संजीवन सभा झाली. बाहेरगावच्या पाहुण्यांनी बायबलातल्या जळत्या झुडपावर, म्हणजे ज्यातून देवाने मोशेला आपले लोक गुलामीतून सोडवायला बोलावलं त्यावर, रात्री साडेअकरापर्यंत संदेश दिला आणि शेवटी कळलं ते एवढंच, की देवाने तेव्हा मोशेला पाठवलं आणि आता यांना पाठवलंय, सबब यांना मोठी गाडी हवी. ज्यांना ज्यांना मोशे व्हायचंय, त्यांच्या सोयीसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

पाचारणाची, म्हणजे देवाच्या बोलावण्याची, वाट बघत बसू नका. मोशे इजिप्तच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा 80 वर्षांचा होता आणि त्याआधी मिद्यानात सासऱ्याची मेंढरं राखत होता. तुम्हाला एवढा वेळ कुठला? पंचविशीत फ्लेक्स लावा. मेंढरं आपणहून येतात.

‘नाही’ तर चुकूनही म्हणू नका. हा मोशे काय वेडा होता! देव स्वतः बोलतोय आणि हा म्हणतो, मी कोण जाणार? त्यांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू? त्यांनी माझं ऐकलं नाही तर? मला धड बोलता येत नाही. शेवटी तर सरळच, दुसऱ्या कुणाला तरी पाठव ना! देवाला राग आला, तेव्हा कुठे बोलायला भावाला, अहरोनला, जोडीला घेऊन स्वारी निघाली. तुम्हाला अहरोन नको. दोन माइक आणि मागे रडवी धून वाजवणारा कीबोर्डवाला पुरे.

जोडे काढू नका, देवाने झुडपापाशी मोशेला काढायला सांगितले असले तरी. नवे आहेत.

फारोकडे जाऊच नका, त्याला स्टेजवर बोलवा, शाल घाला. मोशे गेला होता, काय मिळालं? फारोने गुलामांना विटांसाठी लागणारा पेंढा द्यायचा बंद केला आणि विटा मात्र तेवढ्याच मागितल्या. लोकांचे मुकादम मोशेच्या तोंडावर त्याला बोलले. त्याने त्यांना शाप दिला नाही, देवाकडे जाऊन विचारलं, मला पाठवलंस तरी कशाला? इतकं कच्चं राहून चालत नाही. कुणी तोंड उघडलं की ‘अभिषिक्ताविरुद्ध कुरकुर’ म्हणायचं आणि माइकचा आवाज वाढवायचा.

सासऱ्याचं ऐकू नका. मोशेला त्याचा सासरा इथ्रो म्हणाला, एकटा मरशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. तुम्ही खजिनदार बायकोला नेमा.

आता दानार्पण. हे नीट वाचा. पडद्यावर जळतं झुडूप आणि त्याच्या बुंध्याशी क्यूआर कोड, अशी रचना असावी. ‘बी पेरा, शंभरपट उगवेल’ हे तीनदा म्हणावं. पिशवी एकदा फिरली की पुन्हा फिरवावी, कारण काहींची मनं अजून कठीण आहेत. चार घरची धुणीभांडी करणारी बाई पदराच्या गाठीतली नोट सोडते तेव्हा डोळे मिटून हालेलूया म्हणावं, म्हणजे ती नोट कितीची होती ते बघावं लागत नाही. आणि बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा, म्हणजे मोशेच्या गोष्टीचा, पुढचा भाग कधीही वाचायला घेऊ नका. तिथे निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी, लोक रोज सकाळी इतकं आणू लागले, की मोशेने छावणीभर सांगायला लावलं, पुरे झालं, आता आणू नका. पुरे झालं! तुमच्या आख्ख्या सेवेत हे दोन शब्द कुणी ऐकलेत? वर त्याने हिशेब दिला. अहरोनच्या मुलाने, इथामारने, मांडलेला. सोनं 29 किक्कार 730 शेकेल (ही तेव्हाची वजनं). चांदी 100 किक्कार 1775 शेकेल, आणि त्यातल्या 1775 शेकेलांचं काय केलं, तर खांबांच्या आकड्या वगैरे, तेही लिहिलंय. वाळवंटात, तंबूत राहून, आकड्यांचा हिशेब! आणि आमच्या एका तरुणाने परवा मंडपाचं बिल विचारलं, तर त्याच्यासाठी भर सभेत भूत उतरवायची ‘सुटकेची प्रार्थना’ झाली. कशातून सुटका? बेरीज येते त्याला, त्यातून?

मुलाला यूथ लीडर करा. मोशेलाही दोन मुलगे होते, गेर्षोम आणि अलियेजर. पुढारपण गेलं नूनाच्या मुलाकडे, यहोशवाकडे. किती ही बेपर्वाई.

बास. आता सरळ बोलतो. मोशेचं नाव घेऊ नका. लोक उलटले तेव्हा तो माणूस देवाला म्हणाला होता, मी यांचं एक गाढवसुद्धा घेतलेलं नाही. तुमची गाढवं मोजायला बसलं तर पार्किंग पुरणार नाही. लोकांनी सोन्याचं वासरू केलं तेव्हा म्हणाला, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोडून टाक. तुमचं नाव पत्रिकेत दुसऱ्या ओळीत छापलं तर तुम्ही सभेला येत नाही. लाज वाटू द्या थोडी. आणि मंडळीच्या पंचांनो, पहिल्या रांगेत बसून आमेन म्हणणाऱ्यांनो, तुम्हीही. मंडप, जेवण, साउंड, पाहुण्यांचं पाकीट, सगळं कागदावर लिहा आणि रविवारी उपासनेनंतर नोटीस बोर्डावर लावा. तोवर आमच्या घरी पावतीपुस्तक घेऊन येऊ नका.