पद नव्हे, कोष्टकातली ओळ बघा

सध्या फिरणारा दावा असा: ‘नामांकित प्राध्यापकाचा शोधनिबंध समीक्षकांच्या चाळणीतून गेलेला असतो, त्याला चूक ठरवायला तेवढ्याच तोलामोलाचा माणूस लागतो, आणि तो चुकीचा असता तर नियतकालिकाने मागे घेतलाच असता.’ तिन्ही विधानं टिकत नाहीत.

आधी तोलामोलाचं बघू. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ (नाणेनिधीचे माजी मुख्य अर्थतज्ज्ञ) यांनी मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के असते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस हर्नडनला हे आकडे जुळेनात, म्हणून त्याने लेखकांकडूनच एक्सेल फाईल मागवली. सरासरीचं सूत्र ३० ते ४४ एवढ्याच ओळी घेत होतं. देश ४९व्या ओळीपर्यंत होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क गळले. बातम्यांनी हेच उचललं, पण मोठी गोम भारांकनात, म्हणजे सरासरीत कोणत्या देशाला किती वजन द्यायचं यात होती: ब्रिटनची १९ वर्षं (सरासरी २.४ टक्के) आणि न्यूझीलंडचं एकच वर्ष, १९५१ (उणे ७.६), दोन्हींना सारखंच वजन. शिवाय न्यूझीलंडची काही वर्षं वगळली होती. २०१३ मध्ये हर्नडनने दोन प्राध्यापकांसोबत फेरगणित छापलं. उत्तर आलं अधिक २.२. सूत्राची चूक लेखकांनी मान्य केली, भारांकनावर मात्र ते अडून राहिले. त्यावर वाद घालता येतो, पण तो आकड्यांवर. हर्नडन विद्यार्थी होता, याने ४४वी ओळ ४९वी होत नाही.

आता चाळणी. राइनहार्ट-रोगॉफ यांचा निबंध आला तो परिषदेचा अंक होता, नेहमीचं समीक्षण तिथे नव्हतंच. जिथे असतं तिथेही बहुतेक समीक्षक मूळ फाईल उघडत नाहीत. हस्तलिखित वाचून मत देतात. त्यात नावही काम करतं. २०२२ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात एकच हस्तलिखित पाचशेहून अधिक समीक्षकांनी तपासलं. नोबेलविजेत्या व्हर्नन स्मिथ यांचं नाव दिसलं तेव्हा २३ टक्क्यांनी ते नाकारा म्हटलं, नाव झाकलं तेव्हा ४८ आणि नवख्या सहलेखकाचं दिसलं तेव्हा ६५ टक्क्यांनी.

‘मागे घेतला नाही, म्हणजे बरोबर’ हे तर सर्वांत लंगडं. फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर वाढणारा जिवाणू सापडल्याचा दावा करणारा निबंध ‘सायन्स’ने २०१० मध्ये ऑनलाइन छापला. २०११ मध्ये त्याच नियतकालिकात त्यावर आठ टीका आल्या, २०१२ मध्ये तो खोडणारे प्रयोगही तिथेच छापले गेले. तो मागे घेतला गेला २०२५ मध्ये, तोही लेखकांचा विरोध असताना.