दिवेआगरच्या घरावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

समुद्राजवळ सगळ्या कुटुंबासाठी अख्खं घर भाड्याने घ्यावं, या माझ्या लेखावर तुम्ही बरंच लिहिलंत आणि रागाने लिहिलंत. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. तुम्ही दहा जण दिवेआगरला गेलात, वाडीतलं घर घेतलंत, आणि सगळे दिवस तुम्ही नि तुमच्या जाऊबाई शेगडीपाशीच होतात. "पुरुषांची आणि मुलांची सुट्टी झाली, आमची फक्त जागा बदलली," असं तुम्ही लिहिलंत. शिवाय मालकांनी माणशी दर लावून लुटलं, न्हाणीघर मागच्या अंगणात असल्याने सासूबाईंचे हाल झाले, आणि ऐन पौर्णिमेच्या संध्याकाळी मालकांनी मुलांना पाण्यात जाऊ दिलं नाही. एवढ्या पैशात हॉटेल आलं असतं, आणि घरं अशी भाड्याने जायला लागली की गावाचं गावपण जातं, हे तुमचे शेवटचे दोन मुद्दे.

स्वयंपाकाचं आधी बोलू, कारण दुखणं तिथे आहे आणि ते खरं आहे. जेवणाचं काहीच ठरलेलं नसलं की ते न बोलता बायकांच्या अंगावर येतं. पुण्यात येतं तसं दिवेआगरलाही येतं. घरात गॅस, भांडी, मिक्सर दिसला की कुणीतरी म्हणतंच, "आता बाहेर कशाला खायचं?" आणि हे म्हणणारा माणूस कांदा चिरायला उठत नाही. म्हणून घराचं भाडं विचारायच्या आधी जेवणाचं विचारावं, असं माझं ठाम मत आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात घर देणारं कुटुंब बहुधा त्याच वाडीत राहतं आणि सांगितलं तर दोन्ही वेळचं जेवण करून देतं. नाहीतर दोन घरं सोडून कुणाची तरी खानावळ असते. फक्त ते आधी सांगावं लागतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. वालाचं बिरडं हवं असेल तर त्याहूनही आधी, कारण वाल भिजवून, मोड आणून, सोलायचे असतात. सकाळचा चहा आणि मुलांचं दूध तेवढं आपल्याकडे ठेवायचं, आणि ते कोण करणार हे घरून निघतानाच ठरवायचं. माझ्या घरी ते काम नवऱ्याचं आणि दिराचं आहे. त्यावर चर्चा होत नाही.

पण एक गोष्ट तुमच्याही लक्षात आणून द्यावीशी वाटते. आपण जेवण बाहेर सांगितलं म्हणजे ते काम नाहीसं होत नाही. आपल्या हातून ते वाडीतल्या दुसऱ्या बाईच्या हातात जातं. दहा जणांची ताटं ती वाढते, तेव्हा तिच्या स्वतःच्या घरचं जेवण अजून व्हायचं असतं. म्हणून जेवणाचं बोलणं शक्यतो थेट तिच्याशीच करावं, दर तिने सांगावा, आणि त्यात घासाघीस करू नये. रात्री नऊला फोन करून "आम्ही आणखी चौघं आहोत" असं तर कधीच सांगू नये. कित्येक घरांत मासे-मटण चालत नाही, तेही आधीच विचारून घ्यावं. मासे हवेच असतील तर भरडखोल हे कोळ्यांचं गाव जवळ आहे. मात्र जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेवर जाण्यात अर्थ नाही.

आता माणशी दर. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. हॉटेलची सवय असलेल्या माणसाला खोलीचा दर कळतो, डोक्यांवर दर लावला की फसवल्यासारखं वाटतं. पण त्या घराचा खर्च खरोखर माणसांवरच चढतो. पाणी विहिरीचं असतं, पंपाने वर चढवलेलं. उन्हाळ्यात विहीर खाली जाते, किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ लागतं, मग पिण्यासाठी वेगळी सोय करावी लागते. गावात भुयारी गटार नाही, प्रत्येक घराचा आपला शोषखड्डा. सहा माणसांच्या हिशेबाने केलेल्या खड्ड्यावर दहा माणसं आठवडाभर आंघोळी करायला लागली की तो तुंबतो, आणि आपण गेल्यावर तो उपसायचं काम मालकांना करावं लागतं. चादरी आणि अभ्रे घरीच धुतले जातात. सहा जण सांगून दहा जण उतरले आणि मालकांनी चौघांचे पैसे मागितले, तर त्याला लूट म्हणता येत नाही. लूट तेव्हा, जेव्हा फोनवर एक दर सांगतात आणि निघताना दुसरा लावतात. तसं झालं असेल तर तुमचा राग रास्त आहे. म्हणूनच माणसं, दिवस, जेवण, मुलांचा दर, आगाऊ रक्कम हे सगळं निघण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. आगाऊ रक्कम थोडीच द्यावी, आणि तीही घराचा व्हिडिओ कॉल झाल्यावर. बंगल्यांचे चोरलेले फोटो टाकून पैसे उकळणारे आता फार झालेत.

हॉटेलशी तुलना करताना कराचाही विचार करा. साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेलखोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीला १८. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या घरमालकाला मात्र साधारणपणे नोंदणीच लागत नाही. पण तेच घर तुम्ही एखाद्या ॲपवरून घेतलंत तर कर ॲपवाल्या कंपनीकडून लागतो, आणि कंपनीचं कमिशन वेगळं. मालकाला थेट फोन केला की दोघांचंही भलं होतं.

सासूबाईंबद्दल वाचून वाईट वाटलं. माझं मत स्पष्ट आहे: ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, त्यांच्यासाठी न्हाणीघर आणि कमोड खोलीला लागून नसेल तर ते घर कितीही सुंदर असो, घेऊ नये. जुन्या कोकणी घरांत उंबरे उंच असतात, पडवीच्या पायऱ्यांना कठडा नसतो, मागच्या अंगणात दगडी फरशीवर शेवाळ असतं. पडण्याची भीती नुसती मनातली नसते. अलीकडे बऱ्याच मालकांनी निदान एका खोलीला जोडून कमोड बसवून घेतलाय. विचारायला संकोच करू नका, "पलंगापासून संडास किती पावलांवर?" असं थेट विचारा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो की फक्त दिवे, हेही विचारा. यातलं एक जरी उत्तर मनासारखं आलं नाही, तर हॉटेल घ्या.

समुद्राचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला त्यावर थांबायचं आहे. तिथली म्हातारी माणसं तिथीवरून भरती सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. म्हणजे पौर्णिमेला दुपारी बारा-साडेबारापासून पाणी मागे हटायला लागतं आणि संध्याकाळी सहापर्यंत हटत राहतं. उधाणाचे दिवस असल्याने भरती-ओहोटीतलं अंतर मोठं, तशी पाण्याची ओढही जास्त. दिवेआगरचा किनारा सपाट आहे, पाणी लांब गेलं की मुलं त्याच्या मागे चालत राहतात आणि गुडघाभर पाण्यात आहोत अशा समजुतीत किती आत गेलो ते त्यांना कळत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाची सहलीला आलेली मुलं बुडाली. पुण्यात कुणीच ते विसरलेलं नाही. ताई, तुमच्या मालकांनी पाचच्या सुमाराला मुलांना अडवलं, तेव्हा त्यांनी तुमच्यासाठी जे केलं ते कुठल्याही रिसेप्शनवरच्या पाटीने केलं नसतं. अख्खं घर घ्या असं मी म्हणते, त्यात घराबरोबर ही माणसंही मिळतात हे मोठं कारण आहे.

राहिला गावाचा मुद्दा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळीचं नवं रोप लावलं तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळालाही साधारण तेवढीच. मधल्या काळात घर कशावर चालवायचं? ज्यांच्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या त्यांना त्या खोल्यांनी आधार दिला. बाणकोट खाडीपलीकडे वेळासला २००६ पासून कासव महोत्सव होतो. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला आलेली माणसं गावकऱ्यांच्याच घरांत राहतात, त्यांच्याच हातचं जेवतात. त्या पैशामुळे कासवाचं घरटं राखणं गावाला परवडतं. अशा भाड्याने गाव मोडत नाही.

तुमची भीती मला खरी वाटते ती वेगळ्या ठिकाणी. बाहेरच्या माणसाने वाडी विकत घ्यायची, पोफळी तोडून तरणतलाव खणायचा, भिंत घालायची आणि ते "सी फेसिंग" म्हणून विकायचं, हे मलाही सहन होत नाही. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या केंद्राच्या नियमांच्या, २०१९ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या ग्रामीण भागातल्या स्थानिकांना आहे त्याच घरात, घराचा चौथरा आणि दर्शनी भाग न बदलता, पाहुणे ठेवायची मुभा आहे. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. घर निवडताना मी मालक तिथे राहतात का हे आधी विचारते, आणि वाडी अजून शिंपली जाते का हे नंतर. पाण्यापासून पंधरा मिनिटं चालावं लागलं तरी चालेल.

तुम्ही पुन्हा जाणार असाल तर मे टाळा. उकाडा असतो, विहिरी खाली गेलेल्या असतात आणि दर चढलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीतला मधल्या वारांचा मुक्काम सासूबाईंनाही झेपेल. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असा रस्ता आहे. घाट दिवसाउजेडी उतरा आणि दुपारच्या जेवणाला पोहोचाल असं निघा. किती जण आहात आणि सासूबाई किती पायऱ्या चढू शकतात ते कळवलंत, तर तशी सोय असलेली माझ्या माहितीतली दोन-तीन घरं सांगेन. फोन मात्र तुम्हीच करा, आणि पहिला प्रश्न जेवणाचा विचारा.