किशोरीताई पाव सूर खाली

माझ्या घरी किशोरी आमोणकर पाव सूर खाली गातात, असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी परवा लिफ्टमध्ये चार माणसांदेखत जाहीर केलं. मला पाचव्यावर जायचं होतं आणि काकांचा मजला गेला तरी ते उतरले नाहीत. विषय पूर्ण करायला ते वरपर्यंत आले. कोपऱ्यातल्या एका बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी घरात ताईंना उपाशीच ठेवतो.

प्रकरण फार मोठं नाही. माझ्याकडे टर्नटेबल आहे. रविवारी सकाळी मी रेकॉर्ड लावतो आणि तिचं कव्हर दाराबाहेर एका वीतभर लाकडी स्टँडवर उभं करतो. म्हणजे, मंडळी, आत्ता आमच्याकडे हे वाजतंय. आवडलं तर बेल वाजवा, चहा मिळेल. त्या रविवारी किशोरीताईंचा भूप होता, मागच्या बाजूला बागेश्री.

हे काही माझं नवीन खूळ नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननी ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत, हॅनोवरला जायच्या. तिथल्या लोकांना गाणारी कोण हे कळावं म्हणून गाणं संपलं की बाई स्वतःच ठणकावून सांगायच्या, ‘माय नेम इज गौहर जान!’ तीन मिनिटांत ख्याल बसवायचा आणि वर स्वतःची ओळखही त्यातच करून द्यायची. त्यांच्यापुढे माझं स्टँड म्हणजे किस झाड की पत्ती. फरक इतकाच, की त्यांना पुढे कुणी ‘यात ब्लूटूथ आहे का?’ असं विचारलं नाही.

मला विचारतात. कव्हर पाहून बेल वाजवणाऱ्यांत गाण्यासाठी आलेला माणूस अजून भेटायचाय. ‘हे परत आलंय ना हल्ली?’ हा एक प्रश्न. ‘केवढ्याला पडलं?’ हा दुसरा. नव्या रेकॉर्डला अडीच-तीन हजार सहज पडतात हे खरं सांगितलं तर पोरांच्या शिक्षणाचं काय, असा चेहरा होतो. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर धुळीत बसून स्वस्तात काढली म्हटलं तर ‘शी, कुणाकुणाच्या घरातली असेल.’ आणि तिसरा प्रकार सगळ्यांत जीवघेणा. ‘आमच्याकडे ढिगाने होत्या हो. सगळ्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या.’ हे सांगताना माणसं हसतात. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या सासूबाईंनी तर तबकड्या गरम पाण्यात बुडवून त्यांचे द्रोण केले होते. ‘मधल्या भोकाला मेण लावायचं, मग गणपतीत प्रसादाला छान.’ कुणाच्या रेकॉर्ड होत्या, वहिनी? ‘कुणाच्या म्हणजे? आमच्याच.’

रिदम हाऊस हे रेकॉर्ड-कॅसेटचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा हीच मंडळी काळा घोड्याच्या नावाने हळहळत होती. आत शेवटचे कधी गेला होतात असं विचारलं की विषय पावसावर जायचा.

असो. काका.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त फक्त कागदावर. बिल्डिंगमधला प्रत्येक फ्यूज ते अजूनही ओळखतात आणि प्रत्येक फ्यूजबद्दल त्यांना मत आहे. त्या रविवारी ते दारात उभे राहिले, कव्हर वाचलं, खिशातून मोबाइल काढला आणि तोच भूप यूट्यूबवर लावून फोन माझ्या स्पीकरसमोर धरला. दोन किशोरीताई एकदम गायला लागल्या. त्या कुणाशीच जुळवून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या, स्वतःशीही घेतलं नाही.

“ऐकलंस? तुझी खाली आहे.”

“तुमची वर असेल, काका.”

“माझी इंटरनेटवरची आहे.”

मी समजावून सांगितलं. लोक कुठल्या तरी जुन्या कॅसेटवरून चढवतात, कॅसेट जलद फिरली की सूर चढतो. काही जण तर हक्कवाल्या कंपनीच्या नजरेत येऊ नये म्हणून मुद्दाम पट्टी जरा सरकवतात. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. “दीड लाख लोकांनी ऐकलंय हे. तुझं किती जणांनी ऐकलं?”

याला उत्तर नाही. घरात आम्ही तिघं, त्यातली एक कानात बोंडं घालून बसलेली.

म्हटलं, मोजूनच टाकू. माझ्याकडे स्ट्रोबची चकती आहे, टर्नटेबलचा वेग तपासायची, पुठ्ठ्याची. तिच्यावर एका वर्तुळात १८० रेघा असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. चकती मिनिटाला बरोबर ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेत असेल तर दर लुकलुकीला एका रेघेच्या जागी पुढची रेघ येते आणि सगळ्या रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. काकांचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आवडलो असेन. पण आमच्याकडे सगळे दिवे एलईडी, रेघांचा नुसता करडा गिलावा दिसायचा. काकांकडेही एलईडी. जिनाभर एलईडी, कारण दोन वर्षांपूर्वी काकांनीच सर्वसाधारण सभेत भांडून ते लावून घेतले होते. तांब्याच्या चोकची ट्यूब अख्ख्या इमारतीत एकच उरली होती. वॉचमनच्या केबिनमध्ये.

मग मी टर्नटेबल छातीशी धरून पाच मजले खाली आलो. लिफ्टने नाही. लिफ्टच्या हिसक्याने सुईचा हात सुटेल असं काकांचं म्हणणं. ते पुढे, हातात एक्स्टेन्शन बोर्ड.

केबिनमध्ये एक प्लॅस्टिकचं स्टूल, त्याचा एक पाय आखूड. टर्नटेबल सपाट हवं, म्हणून काकांनी पायाखाली व्हिजिटर्सचं रजिस्टर सरकवलं. वॉचमन म्हणाला, “साब, एंट्री किसमें करूं?” काका म्हणाले, “याद रखो.” तो बिचारा याद ठेवायला लागला. एक पार्सलवाला पोरगा, इस्त्रीवाला, भाजीच्या पिशव्या घेऊन चौथ्याच्या वहिनी, कुणाचा तरी फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळे दारात अडकले आणि जागेअभावी आत डोकावून बघायला लागले. मी चकती ठेवली. चालू केलं.

“थांबल्या,” मी म्हटलं.

“डावीकडे सरकतायत.”

“काका, ठार थांबल्यात.”

“सरकतायत. तू भावनेने बघतोयस.”

पार्सलवाल्याचं मत घेतलं गेलं. तो म्हणाला थांबल्या, पण त्याला उशीर झालेला, त्याची साक्ष काकांनी फेटाळली. इस्त्रीवाला म्हणाला, कधी थांबतात, कधी सरकतात. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनींना चकती बघून एकदम आठवलं की अशाच होत्या आमच्याकडे, फक्त काळ्या. वॉचमनने विचारलं, यात पंखा कुठे बसतो.

शेवटी रेघा सरकत नाहीत हे काकांनाही नाकारता येईना, तर त्यांनी सरळ राष्ट्रीय ग्रिडवर संशय घेतला. “फ्रिक्वेन्सी काय नेहमी पन्नासच असते होय रे? नियमात ४९.९० ते ५०.०५ बसतं. आत्ता खाली असेल. म्हणजे तुझं मशीनही खाली आणि लाइटही खाली, म्हणून जुळलं.”

मी म्हटलं, पन्नासचे ४९.९० झाले तर फरक पडतो ०.२ टक्के. काळी एकवरून पांढरी एकवर, म्हणजे अर्धा सूर खाली, यायला वेग साधारण सहा टक्क्यांनी पडावा लागतो, म्हणजे पाव सुरालासुद्धा तीन तरी हवेत. तेवढी फ्रिक्वेन्सी पडली तर किशोरीताईच काय, आख्खी मुंबई बंद पडेल. काका म्हणाले, “हिशोब मला नको शिकवूस. मी यात पेन्शन घेतोय.”

या सगळ्यात गाणं कुणी ऐकलं नाही. स्पीकर वरच होते.

आता खरी चीड आणणारी गोष्ट सांगतो. या गर्दीमुळे माझ्या स्टँडचा बोभाटा झाला, आणि सेक्रेटरींनी स्टँड हटवण्याची नोटीस दिली. सामाईक पॅसेजमध्ये अडथळा. वीतभर लाकूड! माझ्या शेजारच्या दाराबाहेर चपलांचं कपाट आहे, त्यापुढे मुलाची सायकल, तो मुलगा आता इंजिनिअर होऊन बेंगळुरूला आहे. तिसऱ्या मजल्यावर एक मेलेलं वॉशिंग मशीन उभं आहे, त्यावर तुळस. त्यांना नोटीस नाही, कारण ते काही वाजवत नाहीत. आणि वाजवण्याचंच म्हणाल, तर रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा नियमांत २००० सालापासून छापलेली आहे. नाक्यावर भिंतीएवढे स्पीकर लावून काचा थरथरवतात तेव्हा तो कागद कुणाला सापडत नाही. वर्गणी मात्र न चुकता देतात, पावती फ्रीजवर लावतात. तिथे पाव सूर कुणी मोजला? सूर असेल तर मोजणार ना. मी सेक्रेटरींना हे बोललो. ते म्हणाले, “ते सार्वजनिक आहे. तुमचं खाजगी आहे.” खाजगी आहे म्हणूनच दाराबाहेर कव्हर ठेवून सांगत होतो ना, बाबा!

स्टँड आता आत आहे, चप्पल काढायच्या जागी. त्यावर काय आहे हे बघणारा मीच.

काकांनी लिफ्टमध्ये नंतर निवाडाही सुधारून दिला. “मशीन ठीक आहे त्याचं. रेकॉर्डच मूळची खाली छापलेली असणार.” म्हणजे मी सुटलो आणि बाई अडकल्या.

स्ट्रोबची चकती ते ‘जरा बघून देतो’ म्हणून घेऊन गेले होते. काल मागायला गेलो तर त्यांच्या हॉलमध्ये स्टुलावर काकू उभ्या, हात वर, पंख्याच्या मधोमध काहीतरी चिकटवतायत. खाली काका टॉर्चसारखी काहीतरी भानगड घेऊन. वॉचमनच्या केबिनमधली ट्यूब चोकसकट वर आलेली होती.

“अरे, रेग्युलेटर चारवर आणि पाचवर एकच स्पीड आहे. कंपनीला लिहिणार आहे मी. पंख्याला ३०० फेरे धरले तर वीस रेघा पुरतात.”

“आणि माझी चकती?”

“हीच की. मागची बाजू कोरी होती. मार्करने काढल्यात. डिंक वाळेपर्यंत थांबतोस का, काढून देतो.”

“त्यावर डिंक लावलात?”

“मग पंख्याला काय भावनेने चिकटेल?” काका म्हणाले, आणि काकूंना सांगितलं, की याला चहा टाक, आणि तेवढा पंखा चालू कर.