सत्त्याऐंशी मतांचा माणूस

लिंडन जॉन्सन यांचे नाव आपल्याकडे निघाले की व्हिएतनाम आठवते, आणि जुन्या पिढीला १९६५-६६ च्या दुष्काळात महिन्याच्या हिशेबाने, हात आखडून पाठवलेला पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालचा, गहू. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. पण अमेरिकी अध्यक्षांपैकी ज्यांच्याविषयी माझे मत सर्वांत जास्त वेळा फिरले ते हेच, आणि त्याचे कारण १९४८ सालची एक मतपेटी आहे.

जॉन्सन १९०८ मध्ये टेक्सासच्या हिल कंट्रीत जन्मले. वडील राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते. कापसाचे भाव कोसळले, जमीन गेली आणि कर्ज तेवढे राहिले. १९२८ मध्ये, कॉलेजच्या खर्चाची सोय म्हणून, वीस वर्षांच्या लिंडन यांनी कोटुला गावातल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळेत मास्तरकी पत्करली. मुले उपाशीपोटी वर्गात येत. पहिल्या पगारातून मास्तरांनी त्यांच्यासाठी खेळाचे साहित्य घेतले.

१९३७ मध्ये ते प्रतिनिधिगृहात गेले आणि ज्या मुलखात बायका विहिरीचे पाणी हाताने शेंदत होत्या तिथे त्यांनी वीज आणली. पुढे १९४१ ची सिनेटची निवडणूक ते १,३११ मतांनी हरले. आधी आघाडी त्यांचीच होती. उशिरा आलेल्या आकड्यांनी ती खाल्ली. हा धडा त्यांनी नको तितका नीट गिरवला, असे मला वाटते.

१९४८ मध्ये त्यांच्यासमोर माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन होते. टेक्सासात तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळणे म्हणजेच निवडून येणे. उमेदवारीच्या फेरमतदानानंतर सहाव्या दिवशी ॲलिस गावच्या १३ क्रमांकाच्या पेटीत आणखी २०२ मते ‘सापडली’. त्यांतली २०० जॉन्सन यांची, दोन स्टीव्हन्सन यांची. ज्यांनी ती यादी पाहिली त्यांच्या सांगण्यानुसार शेवटची सारी नावे एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि चक्क वर्णानुक्रमाने होती. सुमारे ९ लाख ८८ हजार मतांत जॉन्सन ८७ मतांनी जिंकले.

मला खुपते ते पुढेच आहे. ही पेटी दक्षिण टेक्सासातली, जिथे जॉर्ज पार नावाचा स्थानिक पुढारी मेक्सिकन वंशाच्या लोकांची मते गठ्ठ्याने फिरवत असे. म्हणजे कोटुलाच्या मुलांना शिकवणाऱ्या मास्तरांनी सिनेटचा दरवाजा उघडला तो त्या मुलांच्याच समाजाच्या नावांवर. शिवाय संसदेतली पहिली वीस वर्षे त्यांनी नागरी हक्कांच्या प्रत्येक विधेयकाला विरोधच केला होता.

आणि तरीही १५ मार्च १९६५ रोजी, अलाबामातल्या सेल्मा गावात मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांवर झालेल्या लाठीमारानंतर, संसदेच्या संयुक्त बैठकीत मतदान हक्काचा कायदा मागताना आता अध्यक्ष असलेल्या याच माणसाने कोटुलाच्या मुलांची आठवण काढली. त्या मुलांच्या मुलाबाळांसाठी काही करण्याची संधी कधी मिळेल असे वाटले नव्हते, ती आता मिळाली आहे आणि ती मी वापरणार आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ऑगस्टमध्ये कायदा झाला. (त्याच ऑक्टोबरात त्यांनी सही केलेल्या स्थलांतर कायद्याने भारतीयांवरची वर्षाला १०० जणांची कोट्याची मर्यादा गेली. न्यू जर्सीतल्या गणेशोत्सवांचे मूळ शोधायचे तर तिथवर जावे लागते.)

यावर त्यांचे चाहते म्हणतात की ती पेटी नसती तर हा कायदाही नसता, म्हणून जुने उगाळू नये. मला हा हिशेब पटत नाही, कारण १९४८ मध्ये चोरी करताना १९६५ चे पुण्य त्यांच्या खाती जमा नव्हते. पण कोटुलाचे ते बोलणे निव्वळ नाटक होते, हेही मला मानवत नाही. सिनेटमध्ये दक्षिणेच्या जुन्या मित्रांशी वैर घेऊन त्यांनी ते विधेयक तडीस नेले.

१९७७ मध्ये, जॉन्सन गेल्यानंतर चार वर्षांनी, ॲलिसच्या त्या केंद्रावरच्या निवडणूक अधिकाऱ्याने यादीत खोटी नावे घुसडल्याची कबुली दिली.