युरिया, अण्णा आणि न धुतलेला पंप

गावातल्या विहिरींच्या पाण्याचा रिपोर्ट सगळ्यांनी वाचलेला होता. खतातून पाण्यात उतरणारा नायट्रेट मर्यादेच्या वर. अण्णा कट्ट्यावर असले की बातमी कुणाला सांगावी लागत नाही, तेच सांगतात, तीही फुगवून.

"विष आहे विष! मी तर पाणी वीस मिनिटं उकळतो."

"म्हणजे नायट्रेटचा काढा पिताय," ताई म्हणाली. माती-पाणी तपासण्यातच तिची वर्षं गेलीत, त्यामुळे आवाज चढवायची तिला गरज पडत नाही. "उकळून जंतू मरतात, क्षार नाही. लिटरचं अर्धा लिटर झालं की नायट्रेटचं प्रमाण दुप्पट. कँडल, यूव्ही, कशानेही जात नाही. आरओ लागतो."

वकील खुलला. (हा कोर्टाची पायरी कधी चढलेला नाही. युरियाची बाजू मांडतो म्हणून वकील.) "आम्ही पितोच की ते पाणी. काय झालं आम्हाला?"

"तुला नाही होणार. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला होतं. दुधाच्या पावडरीत हेच पाणी घालतात ना! त्याच्या पोटात आम्ल कमी, तिथले जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि मग रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. ओठ-नखं निळी पडतात. अमेरिकेतल्या आयोवामधल्या विहिरींवरून 1945 मध्ये हे लिहिलं गेलंय. जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला 50 मिलिग्रॅमची मर्यादा त्या बाळाकडे बघून ठरलीय, तुझ्या तब्येतीकडे बघून नाही."

"मग घाला बंदी! श्रीलंकेनं 2021 मध्ये रासायनिक खतांवर घातली, नोव्हेंबरात गुंडाळली. भात बसला." वकील श्रीलंका कुठेही आणतो. क्रिकेटच्या वादातसुद्धा त्याने ती खतासाठीच आणली होती.

"बंदीचं नाव कोणी काढलं? तू युरिया टाकतोस कसा, ते सांग."

"फोकतो. दोन-तीन दिवसांनी पाणी देतो."

"म्हणजे वाऱ्याला खत घालतोस! ओलसर जमिनीवर उघडा दाणा पडला की त्याचा अमोनिया होतो. ऊन आणि चुनखडीची जमीन असेल तर तुझं पाणी पोचायच्या आत बराचसा उडालेला असतो. दोन-तीन इंच मातीआड कर, नाहीतर लगेच हलकं पाणी दे. हलकं म्हणतेय मी. तू शेत तुंबवतोस. मग उरलेल्याचा नायट्रेट होतो आणि पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतो. मातीच्या कणावर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार, धरून ठेवणार कोण? आणि पाणी साचून राहिलं की त्यातला काही नायट्रस ऑक्साइड होऊन वर जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवणारा."

"थोडं वाहून गेलं तर गेलं."

"अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीकाठचे शेतकरीही असंच म्हणतात. त्यांचं खत नदीतून समुद्रात जातं. 2017 मध्ये मेक्सिकोच्या आखातात 22,000 चौरस किलोमीटरवर तळाशी मासा जगेल एवढा प्राणवायू उरला नव्हता."

वकील गप्प बसला, पण ताई थांबेना. "पेरणीलाच निम्म्याहून जास्त नत्र ओततोस, तेव्हा रोपाचं मूळ बोटभर. तीन-चार हप्ते कर. पीक काळंभोर हिरवं दिसलं की तू खूश, पण त्या लुसलुशीत पानावर पहिला मावा येतो. मग फवारणी, पुढे पीक लोळलं म्हणून रड."

"म्हणूनच शेणखत!" अण्णांनी मांडीवर थाप मारली.

"सगळंच? हेक्टरी 120 किलो नत्र हवं. युरियात 46 टक्के, म्हणजे 260 किलोत काम. शेणखतात अर्धा टक्का धरला तर 24 टन. आणा. जमिनीचा पोत सुधारायला शेणखत हवंच, पण कच्चं टाकलंत तर मुळं खाणारी हुमणी अळी पोसाल. शिवाय शेवटी त्याचाही नायट्रेटच होतो. युरोपने 1991 च्या नियमात नायट्रेटच्या धोक्याच्या पट्ट्यांत शेणखतालाच लगाम घातला. वर्षाला हेक्टरी 170 किलो नत्र, पुढे नाही."

"पण तो नैसर्गिक नायट्रेट!"

"विहिरीला सांगा तसं."

हशा पिकला. अण्णांनी विषय फवारणीकडे वळवला, तीच चूक झाली.

"अण्णा, फवारणीवर तुम्ही बोलूच नका," वकील उसळला. "माझा पंप नेलात. परत आल्यावर मी टोमॅटो फवारला, तर आठवड्यात पानं दोरीसारखी वळली! काय भरलं होतंत त्यात?"

"पाल्याचा अर्क."

"अर्काने टोमॅटो असा वळत नाही," ताई म्हणाली. "हे टू-फोर-डी तणनाशकाचं काम. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवायचा. नसेल तर तीनदा धुवायचा, धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून रात्रभर ठेवायचा, नळी-नोझलमधूनही ते पाणी काढायचं."

अण्णा चपलेचा अंगठा चाचपत होते. "बांधावर जरा गवत माजलं होतं..."

"टू-फोर-डीने गवत मरत नाही, अण्णा. रुंद पानाचं तण मरतं."

"अच्छा! म्हणून मेलं नाही होय ते!"